नगरपालिकेतील सेवक : जोतीराव फुले

सुरतेहून मुंबईकडे जाणारी गाडी उधना सोडून पुढे निघाली की सचिनच्या अलीकडे भेस्तान हे स्टेशन लागते. या भागात लूमवर व गिरण्यांत काम करणारी पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. त्यांतील बरीचशी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली आहेत. महानगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी दोन गोष्टी ऐकू येतात. कोणी म्हणतो, राजकारण ही घाण आहे, देवभीरू माणसाने तिकडे फिरकू नये. कोणी म्हणतो, आपला एखादा माणूस निवडून गेला म्हणजे आपली कामे होतील. पहिला जबाबदारीतून सुटू पाहतो आणि दुसरा सेवेच्या जागेला कमाईची जागा समजतो. या दोघांपुढे ठेवावे असे एक चरित्र आम्हांस आठवते. महात्मा जोतीराव फुले यांस आपण शाळा काढणारे व समाजसुधारक म्हणून ओळखतो. परंतु ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारली. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी या पोरक्या मुलास मायेने वाढविले. मुलगा शिकून बिघडेल असे लोकांनी वडिलांच्या मनात भरविले व त्याची शाळा सुटली. पुढे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांचे मन वळविले आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एक मुसलमान व एक ख्रिस्ती असे हे दोन शेजारी नसते तर हा मुलगा मळ्यातच राहिला असता. शेजाऱ्याच्या मुलासाठी खर्च केलेले चार शब्द किती दूरवर जातात, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात स्वतः मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई यांस त्यांनी शिकविले व त्या तेथे शिकवू लागल्या. त्यापायी दोघांस वडिलांचे घर सोडावे लागले. १८६३ साली त्यांनी फसवणूक झालेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि त्यांस आपल्यात ओढून घेण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु मिशनच्या शाळेत पडलेले बी त्यांच्या हातून कसे फळास आले, हे पाहून आपण आनंद मानावा.

१८७६ साली सरकारने त्यांची पुणे नगरपालिकेवर नेमणूक केली व पुढील काही वर्षे ते सभासद होते. जोतीराव कंत्राटदारीच्या धंद्यातही होते, तेव्हा बांधकाम म्हणजे काय व पैसा कोठे मुरतो हे त्यांस चांगले ठाऊक होते. त्यांची नेमणूक झाली त्याच सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. सभागृहातील जागेवर समाधान न मानता त्यांनी व सत्यशोधक समाजाने १८७७ साली धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी आश्रम चालविला व त्यांच्या पोटात अन्न घातले.

त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग विशेष आहे. व्हॉइसरॉय पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावेत असा ठराव नगरपालिकेपुढे आला. हा पैसा पुण्यातील गरीब लोकांच्या शिक्षणाकडे लावावा असे जोतीरावांचे म्हणणे पडले. सभासद बत्तीस होते. ठरावाविरुद्ध मत पडले ते एकच, जोतीरावांचे. त्या सभासदांस सरकारनेच नेमलेले होते, म्हणून सरकारच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याच्या स्वागतास नाही म्हणणे किती अवघड होते ते वाचकांनीच ताडावे. कमानी उभारून व दिवे लावून गरिबाच्या पोराला अक्षर येत नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता.

१८८० साली त्यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांस दारूच्या दुकानांविषयी पत्र लिहिले. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करिते व दुसरीकडे शहरात दारूची दुकाने वाढून लोकांचे शरीर व नीती दोन्ही बिघडतात, ही विसंगती त्यांनी पुढे मांडली. भाजीबाजारासाठी मोठी इमारत बांधण्याचा बेत निघाला तेव्हाही एवढी रक्कम प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावी असा त्यांचा आग्रह होता. तरी मंडई बांधली गेली व १८८६ साली तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. मंडईची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. आजही हजारो लोक तेथे भाजी घेतात. पण आधी काय व मागून काय, हा त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. पुढे त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई असे नाव पडले. ज्या खर्चास त्यांनी विरोध केला त्याच दगडांवर आज त्यांचे नाव आहे!

त्यांची सेवा सभासदत्वापुरती नव्हती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीस ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले व दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेडी पाहा, असे त्यांनी पाहुण्यांस सांगितले. त्याच वर्षी त्यांस अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी आपले शेवटचे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते.

प्लेग हा शब्द सुरतेच्या लोकांस नवा नाही. १९९४ च्या सप्टेंबरात लाखो लोक शहर सोडून गेले, आणि तुंबलेले गटार व न उचललेला कचरा म्हणजे जिवाचा प्रश्न आहे हे त्या दिवसांनी शिकविले. पुढील दोन वर्षांत हेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले, कारण अधिकारी सकाळी रस्त्यावर उतरले आणि झाडूवाल्याच्या कामास किंमत आली. नगरपालिकेचे काम किती पवित्र असू शकते हे समजण्यास याहून निराळा दाखला नको.

आपल्या प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले व थोर होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावे असे शिकविले. हा धडा आपण मुलांस दरवर्षी देतो. पण तो मंदिराच्या दारापर्यंतच येऊन थांबतो काय, हे आपण स्वतःस विचारावे. उद्या आपल्यातील कोणी वॉर्डातून निवडून गेला, किंवा शाळेच्या, सोसायटीच्या अथवा मंडळीच्याच कमिटीवर बसला, तर त्याच्या हाती दुसऱ्यांचा पैसा येईल. खर्चाच्या प्रत्येक ठरावाच्या वेळी जो गरीब त्या खोलीत हजर नाही त्याच्या वतीने बोलणारा कोणी तरी असावा. बत्तीसांत एकटे पडण्याची तयारी ठेवणारी मुले आपल्या शब्बाथशाळांतून निघोत, हीच आमची प्रार्थना आहे.