विद्यार्थी रानडे

नाशिक जिल्ह्यातील निफाड या गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. पुढे त्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या चाकरीत गेले व महादेवाचे बालपण कोल्हापुरास गेले. हा मुलगा लहानपणी फार अबोल व संथ होता. त्याचे पुढे कसे होईल, अशी चिंता घरच्या माणसांस वाटे. परंतु ज्या शांतपणाची त्यांना काळजी वाटत होती, त्याच्याच पोटी विलक्षण चिकाटी दडलेली होती.

त्या काळी उच्च शिक्षण घ्यावयाचे तर मुंबई गाठावी लागे. सन १८५६ मध्ये, चौदाव्या वर्षी, रानडे मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. सन १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तीत अवघे एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले व त्यांत रानडे होते. शिष्यवृत्ती मिळाल्याने त्यांचा पुढील अभ्यासाचा मार्ग मोकळा झाला.

महाविद्यालयात इतिहास व अर्थशास्त्र या विषयांची रानड्यांना विशेष गोडी लागली. अर्थशास्त्र म्हणजे केवळ पैसा मोजण्याची विद्या नव्हे. धान्य, कापड, लोखंड इत्यादी संपत्ती कशी निर्माण होते, ती कोणाच्या वाट्यास किती येते, एक देश श्रीमंत व दुसरा दरिद्री का होतो, या प्रश्नांचा विचार हे शास्त्र करते. रानडे नेमलेल्या पुस्तकांवर कधीच थांबले नाहीत. ते रात्री उशिरापर्यंत वाचीत बसत. या अतिवाचनाने त्यांचे डोळे बिघडले व ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. पुढील आयुष्यात अनेकदा दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्यांना आपली ज्ञानाची भूक भागवावी लागली.

विद्यार्थिदशेतच त्यांच्या सत्यनिष्ठेची कसोटी लागली. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजांच्या कारभाराशी तुलना केली आणि मराठ्यांची बाजू उजवी ठरविली. महाविद्यालयाचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांना हे रुचले नाही. त्यांनी रानड्यांची कानउघाडणी केली व त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यास ही शिक्षा लहान नव्हती. तरीही रानडे खचले नाहीत, की गुरूंविषयी त्यांनी मनात अढी धरली नाही. त्यांचा अभ्यास पूर्वीसारखाच चालू राहिला.

सन १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षा झाली. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे या विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले. रानड्यांनी इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत विशेष प्रावीण्यही मिळविले. पुढे १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली व १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायाधीश झाले.

पदवी मिळाली, तरी त्यांच्यातील विद्यार्थी जागाच राहिला. सन १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळग्रस्तांची स्थिती सरकारपुढे मांडली. सरकारी नोकरीत असून लोकांची बाजू घेणारा हा न्यायाधीश सरकारच्या डोळ्यांत सलू लागला. प्रथम त्यांची बदली नाशिकला व १८७९ मध्ये तेथून धुळ्यास झाली. रानड्यांनी हेही निमूटपणे सोसले. पुढे कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम त्यांच्याकडे आले. तेव्हा पुस्तकातील अर्थशास्त्र आणि सावकाराच्या वहीतील अर्थशास्त्र ही दोन्ही त्यांनी ताडून पाहिली.

या चिंतनाचे फळ म्हणजे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांनी दिलेले व्याख्यान होय. इंग्लंडातील पंडितांनी सांगितलेले नियम सर्व देशांना सर्व काळी सारखेच लागू पडत नाहीत, प्रत्येक देशाने आपली परिस्थिती पाहून मार्ग आखावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. हिंदुस्थानातून कच्चा माल बाहेर जातो व पक्का माल विकत घ्यावा लागतो. बहुतेक लोक केवळ शेतीवर अवलंबून राहतात आणि शेती तर पावसाच्या हाती! म्हणून देशात उद्योगधंदे वाढले पाहिजेत व सरकारने त्यांना साह्य केले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे अर्थशास्त्रविषयक निबंध १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले त्यांना गुरू मानीत.

सन १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

रानड्यांच्या काळी नाशिक जिल्ह्यातील मुलास पदवीसाठी मुंबईची वाट धरावी लागे. आज सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावीही महाविद्यालय आहे. वाट जवळ आली आहे. परंतु शिकलेली गोष्ट आपल्या लोकांच्या सुखदुःखाशी ताडून पाहण्याचे काम रानड्यांच्या वेळी होते तितकेच आजही अवघड आहे.