कृष्णस्वामी वेंकटरमण

कृष्णस्वामी वेंकटरमण (७ जून १९०१ – १२ मे १९८१) हे भारतीय सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. रंजके आणि वनस्पतींतील फिनॉलवर्गीय रंगद्रव्ये हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय होत. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक होते. बेकर-वेंकटरमण पुनर्रचना ही रासायनिक अभिक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षण

वेंकटरमण यांचा जन्म मद्रास (आताचे चेन्नई) येथे झाला. तेथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून एम.ए. झाल्यावर ते इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गेले. तेथे त्यांनी रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मायदेशी परतल्यावर वेंकटरमण यांनी काही काळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केले व नंतर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापन केले.

संशोधन

अल्कोहोल आणि फिनॉल या दोन्ही वर्गांतील संयुगांत हायड्रॉक्सिल गट असतो. फिनॉलमध्ये मात्र तो थेट बेंझीनसारख्या वलयाला जोडलेला असतो. त्यामुळे फिनॉल सौम्य आम्लधर्मी असते आणि कॉस्टिक सोड्यात त्याचे क्षार बनतात. साध्या अल्कोहोलांच्या बाबतीत असे सहसा घडत नाही. नॅफ्थॉलने कापड रंगवण्याची पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. कॉस्टिकमध्ये विरघळलेले नॅफ्थॉल आधी धाग्यात मुरवतात. नंतर त्याची डायॅझो संयुगाशी अभिक्रिया घडवली की धाग्यातच न विरघळणारा पक्का रंग तयार होतो.

निसर्गातील अनेक पिवळी रंगद्रव्येही फिनॉलवर्गीय आहेत. हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हळदीला पिवळा रंग देणारे करक्युमिन हे याच वर्गातील संयुग होय. फुलाफळांत आढळणारी फ्लेव्होन संयुगे हा असाच दुसरा मोठा गट आहे. ही संयुगे प्रयोगशाळेत कशी घडवावीत, हा प्रश्न वेंकटरमण यांनी हाती घेतला.

शेजारच्या कार्बनवर कीटोन गट असलेल्या फिनॉलचे प्रथम एस्टर करतात. त्यावर तीव्र आम्लारीची क्रिया केली असता ऑक्सिजनला जोडलेला अ‍ॅसिल गट तेथून सुटून कीटोनच्या बाजूच्या कार्बनला जोडला जातो. फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट पुन्हा मोकळा होतो आणि डायकीटोन मिळते. आम्लाच्या साहाय्याने त्याचे वलय मिटवले की फ्लेव्होन तयार होते. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी १९३३ मध्ये ही अभिक्रिया प्रसिद्ध केली. त्याच सुमारास एच. एस. महाल व वेंकटरमण यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. म्हणून अभिक्रियेला दोघांचे नाव मिळाले.

मुंबई आणि पुणे

१९३४ मध्ये वेंकटरमण मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात रुजू झाले. विभाग स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मुंबईत कापडगिरण्या भरभराटीस आल्या होत्या. परंतु त्यांना लागणारी कृत्रिम रंजके मुख्यतः परदेशातून येत. ही परावलंबिता दूर करायची तर रंजके बनवू शकणारे रसायनज्ञ देशातच तयार व्हायला हवे होते. १९३८ मध्ये संचालक झाल्यावर वेंकटरमण यांनी अध्यापनाला मूलभूत संशोधनाची जोड दिली. बाळ दत्तात्रेय टिळक आणि नित्या आनंद हे त्यांचे नामवंत विद्यार्थी होत. आज हा विभाग इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने माटुंगा येथे कार्यरत आहे.

१९५७ मध्ये ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या आधीचे दोन्ही संचालक परदेशी होते. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले व त्यांच्या जागी टिळक आले. निवृत्तीनंतरही वेंकटरमण यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. फणसाच्या व तुतीच्या लाकडातील पिवळी रंगद्रव्ये आणि लाखेतील तांबडे रंजक यांची रेणुरचना उलगडण्याचे काम त्यांनी सहकाऱ्यांसह केले.

लेखन व सन्मान

'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' हा त्यांचा ग्रंथ रंजकरसायनातील प्रमाणभूत ग्रंथ मानला जातो. त्याचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील खंडांचे त्यांनी संपादन केले. १९७८ पर्यंत एकूण ८ खंड निघाले. भारत सरकारने १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासक धर्मा कुमार या त्यांच्या कन्या होत.