जॉर्ज विटेट : एका वास्तुविशारदाचे जीवन आणि कार्य

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• जॉर्ज विटेट यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून देता येईल.
• मुंबईतील वास्तुशैलीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी झालेला बदल स्पष्ट करता येईल.
• व्यक्तीचे चरित्र तिच्या कामाच्या आधारे कसे मांडले जाते, हे सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुंबईस गेलेला माणूस गेटवे ऑफ इंडिया पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. ज्याने मुंबई पाहिलेली नाही, त्याच्याही डोळ्यांसमोर चित्रांतून व चित्रपटांतून ही कमान उभी असते. मात्र ती कोणी रचली, असा प्रश्न केला तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. वास्तूचे नाव राहते आणि वास्तुकाराचे पुसले जाते. प्रस्तुत घटकात अशाच एका वास्तुकाराच्या जीवनाचा विचार आपण करणार आहोत.

पाथरी, सेलू, मानवत या भागांतील अभ्यासकांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. विटेट यांनी ज्या दख्खनी वास्तुपरंपरेतून प्रेरणा घेतली, ती बहमनी राज्य व त्यानंतरच्या शाह्यांच्या आश्रयाने वाढली. त्यांपैकी अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळपुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील होते, असे इतिहासकार फिरिश्ता नोंदवतो. याच पाथरीसाठी निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात दीर्घकाळ कलह झाला. ज्या भूमीवर ही शिल्पपरंपरा घडली, त्या भूमीशी आपले नाते जुने आहे.

२. जन्म व शिक्षण

जॉर्ज विटेट यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथोल या गावी झाला. डोंगराळ प्रदेशातील या लहान गावातून ते वास्तुविद्या शिकण्यासाठी पर्थ शहरी गेले. त्या काळी हे शिक्षण मुख्यतः अनुभवी वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी करून मिळत असे. पर्थ येथील उमेदवारीनंतर त्यांनी एडिंबरो व यॉर्क येथे काम केले. दगडी बांधकामाची जुनी परंपरा या शहरांत होती. दगडाची जात, त्याचा रंग आणि त्याचे वय ओळखण्याची सवय त्यांना याच काळात लागली असावी. पुढे मुंबईत स्थानिक दगडाचा त्यांनी जो विचारपूर्वक उपयोग केला, तो पाहता हे अनुमान योग्य वाटते.

३. मुंबईत आगमन

१९०४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, विटेट मुंबईत आले. मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. बेग हेही स्कॉटिश होते. १९०८ मध्ये बेग भारत सरकारच्या सेवेत गेले आणि मुंबईची जबाबदारी विटेट यांच्याकडे आली.

त्या वेळच्या मुंबईचे रूप लक्षात घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात ज्या भव्य सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी अनेक गॉथिक शैलीतील होत्या. उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई मनोरा व व्हिक्टोरिया टर्मिनस ही त्यांची ठळक उदाहरणे होत. ही शैली मूलतः मध्ययुगीन युरोपातील चर्चवास्तूंची होती. टोकदार कमानी, उंच मनोरे व रंगीत काचांच्या खिडक्या ही प्रार्थनास्थळाची लक्षणे इथे न्यायालयास, विद्यापीठास आणि रेल्वे स्थानकासही लाभली. अशा इमारती देखण्या होत्या, पण त्यांची भाषा परकी होती.

बेग यांनी हा प्रवाह वळवण्यास आरंभ केला. त्यांनी योजलेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या इमारतीवर विजापूरच्या गोल घुमटाची छाया स्पष्ट दिसते. विटेट यांनी हाच मार्ग पुढे नेला.

४. वस्तुसंग्रहालयाची वास्तू

प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या मुंबईभेटीचे स्मारक म्हणून एक वस्तुसंग्रहालय उभारावे, असे शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनी ठरवले. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी राजपुत्राच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. १९०९ मध्ये आराखड्यांसाठी खुली स्पर्धा झाली व तीत विटेट यांचा आराखडा निवडला गेला.

या वास्तूत त्यांनी अनेक परंपरा एकत्र आणल्या. मध्यभागी विजापूरच्या धर्तीचा मोठा घुमट आहे आणि त्याभोवती लहान घुमट्यांचे शिखरसमूह आहेत. दर्शनी भागात पुढे आलेले सज्जे आहेत. कुर्ल्याचा करडा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड यांच्या संयोगाने भिंतींना उबदार रंग आला आहे. आतील दालनात नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी कमानींचे काम बसवले आहे. मराठी वाड्यातील सुताराचे कसब अशा रीतीने राजधानीच्या संग्रहालयात पोहोचले.

इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. संग्रहालय म्हणून उघडण्याऐवजी तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला. १० जानेवारी १९२२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. आपल्या हातून घडलेली वास्तू मूळ हेतूने वापरात येण्यासाठी विटेट यांना आठ वर्षे वाट पाहावी लागली. १९९८ पासून ही संस्था छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाते.

५. गेटवे ऑफ इंडिया

२ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पंचम जॉर्ज व राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी केवळ तात्पुरता मंडप होता. त्या प्रसंगाचे कायम स्मारक उभारण्याचे ठरले. ३१ मार्च १९१३ रोजी पायाभरणी झाली व १९१४ मध्ये विटेट यांच्या आराखड्यास मान्यता मिळाली.

प्रत्यक्ष बांधकाम मात्र लगेच सुरू होऊ शकले नाही. आधी समुद्रात भर घालून धक्क्याची भिंत बांधावी लागली आणि त्यात अनेक वर्षे गेली. पाया १९२० मध्ये तयार झाला. पिवळसर बेसॉल्ट दगड व सलोह काँक्रीट यांचा उपयोग करून सुमारे ८५ फूट उंचीची ही कमान उभी राहिली. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट आहे. रचनेचा घाट सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तूंवरून घेतलेला असून दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या होत्या. बांधकामावर देखरेख करणारे अभियंता रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. सुमारे २१ लाख रुपये खर्च झालेल्या या वास्तूचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी केले.

कमानीच्या समोर एक प्रशस्त रस्ता योजला होता. निधी न उरल्याने तो झालाच नाही. त्यामुळे आजही मुख्य रस्ता कमानीस तिरका येऊन मिळतो. आराखडा आणि वास्तव यांतील हे अंतर प्रत्येक वास्तुकाराच्या वाट्याला येते.

६. अन्य कामे

विटेट यांनी एकाच शैलीचा हट्ट धरला नाही. १९०८ ते १९१४ या काळात गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट हा व्यापारी भाग वसवला गेला. तेथे त्यांनी युरोपीय प्रबोधनकालीन धाटणीच्या इमारती योजल्या, आणि सर्व इमारतींची उंची व बाह्यरूप एकमेकांशी जुळेल असा दंडक घातला. विज्ञान संस्थेची पिवळ्या दगडाची इमारत, तिला जोडून असलेले कावसजी जहांगीर सभागृह आणि परळचे केईएम रुग्णालय व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हीदेखील त्यांचीच कामे होत.

१९१९ मध्ये सरकारी सेवा सोडून ते टाटा उद्योगसमूहाच्या बांधकाम कंपनीत गेले. टाटा समूहाचे मुख्यालय असलेले बॉम्बे हाऊस १९२४ मध्ये पूर्ण झाले, तेही त्यांच्याच आराखड्यानुसार.

त्यांचे आणखी एक कार्य विशेष महत्त्वाचे आहे. जे. जे. कलाशाळेतून वास्तुविद्या शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये एक संघटना स्थापन केली आणि विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले. याच संघटनेतून पुढे १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही देशव्यापी संस्था आकारास आली. भारतीय तरुणांना या व्यवसायात स्वतंत्र स्थान मिळवून देणाऱ्या प्रयत्नास त्यांचा असा हातभार लागला.

७. अखेर

गेटवेच्या उद्घाटनानंतर दोन वर्षेही झाली नव्हती. ११ सप्टेंबर १९२६ रोजी तीव्र आमांशाच्या आजाराने विटेट यांचे मुंबईत निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४७ होते. शिवडी येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. बावीस वर्षे ज्या शहरासाठी त्यांनी काम केले, त्याच शहराच्या मातीत ते विसावले.

८. मूल्यमापन

विटेट यांच्या कार्याकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका मतानुसार, त्यांनी भारतीय शिल्पाचा आदर केला आणि चर्चवास्तूच्या छायेतून सार्वजनिक इमारतींना बाहेर काढले. दुसऱ्या मतानुसार, विजापूरचा घुमट, गुजरातची कमान व नाशिकचे लाकूडकाम मूळ संदर्भांपासून तोडून साम्राज्याच्या वैभवासाठी एकत्र मांडले गेले. राज्यकर्ते परके असताना त्यांच्या इमारतींना देशी वेष चढवला, एवढ्याने त्या देशी होतात काय, हा प्रश्न रास्त आहे. ज्या पाथरवटांनी व सुतारांनी प्रत्यक्ष काम केले, त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत, हेही विसरता येत नाही.

तथापि वास्तूचा अर्थ केवळ बांधणाराच ठरवत नाही. सम्राटाच्या स्वागताचे स्मारक म्हणून बांधलेल्या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी भारतातून बाहेर पडली. त्या दिवसापासून कमानीचा अर्थ बदलला. आज तेथे गावोगावचे लोक कुटुंबासह येतात, त्यांना सम्राटाची आठवणही नसते. वास्तू लोकांची होते ती अशी, वापराने.

समारोप

स्कॉटलंडमधील लहान गावातून आलेल्या एका तरुणाने मुंबईचे दर्शनी रूप घडवले. त्याच्या कार्यात कौशल्य व अभ्यास होता, तसेच काळाच्या मर्यादाही होत्या. चरित्रलेखकाने या दोहोंची नोंद घ्यावी, केवळ गौरव किंवा केवळ दोषदर्शन करू नये, हे या चरित्राच्या अभ्यासातून आपल्या ध्यानी यावे.

स्वाध्याय

१. विटेट यांच्यापूर्वीच्या मुंबईतील सार्वजनिक इमारतींची शैली कोणती होती? तिचे मूळ स्पष्ट करा.
२. वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कोणत्या प्रादेशिक परंपरा एकत्र आल्या आहेत?
३. गेटवे ऑफ इंडियाचा अर्थ १९४८ नंतर बदलला, या विधानाची चर्चा करा.
४. आपल्या गावातील किंवा तालुक्यातील एखादी जुनी वास्तू निवडा. तिचा दगड, कमानी, लाकूडकाम व आजचा वापर यांचे निरीक्षण करून सुमारे २०० शब्दांत वर्णन लिहा.