तलाठ्याची नोकरी सोडली अन् साताऱ्यात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून दुसरं सरकार उभं केलं

स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला १५ ऑगस्ट १९४७ आठवतो. पण कुंडल, वाळवा, तासगाव या पट्ट्यातल्या कित्येक गावांनी त्याच्या चार वर्षं आधीच इंग्रजांचा कारभार झुगारला होता. बांधावरून भांडण झालं तरी लोक कचेरीची पायरी चढत नव्हते. निवाडा गावातच व्हायचा आणि तो करायचं प्रतिसरकार. या सरकारचा चेहरा होते क्रांतिसिंह नाना पाटील.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, तेव्हा तो सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला पुढे १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतात, त्यातली बरीच गावं आजच्या सांगलीतली आहेत.

शिक्षण जेमतेम, पण नाना तलाठी झाले. लंडनहून चालणारं साम्राज्य गावात दिसायचं ते तलाठ्याच्या दप्तरात. सारा किती, थकबाकी कुणाची, जमीन कुणाच्या नावावर, सगळं त्यात. हे राज्य नेमकं कशावर उभं आहे, हे नानांनी आतून पाहिलं. १९३० मध्ये कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. सत्यशोधक विचारांचा प्रभाव आधीपासून होताच. लग्नात कर्ज काढून उधळपट्टी करू नका, कमी खर्चात गांधी विवाह लावा, असा प्रचार ते गावोगाव करायचे. भाषण अस्सल गावरान बोलीत, त्यामुळे सभेला तोबा गर्दी. पुढच्या दहा-बारा वर्षांत तुरुंगाच्या वाऱ्याही बऱ्याच झाल्या.

मग आला ऑगस्ट १९४२. छोडो भारतच्या हाकेनंतर साताऱ्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. ३ सप्टेंबरला तासगावात मोर्चा यशस्वी झाला. ९ सप्टेंबरला मात्र वडूजमध्ये पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला. उघड्यावर मोर्चे काढून भागणार नाही, हे कार्यकर्त्यांना कळून चुकलं. नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, घर-जमीन जप्त केली. ते लपून असतानाच त्यांची आई वारली.

पण एवढा काळ ते सापडले कसे नाहीत? एक कारण नकाशात आहे. या भागात इंग्रजी मुलूख आणि औंध, सांगली, जतसारखी संस्थानं एकमेकांत गुंतलेली होती. खुद्द कुंडल औंध संस्थानात होतं. हद्द बदलली की इंग्रजी पोलिसांचे हात आखडायचे. त्यात औंधच्या राजाने १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना दिलेली, म्हणजे तिथली हवाच वेगळी. दुसरं कारण म्हणजे भाकरी. गावाने रात्री भाकरी दिली नसती, तर चार दिवसही कुणी भूमिगत राहू शकलं नसतं.

१९४३ मध्ये प्रतिसरकार आकाराला आलं. गावोगाव न्यायदान मंडळं, दारूबंदी, सावकारी आणि दरोडेखोरांना चाप. जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली तुफान सेना उभी राहिली. पैसा उभारायला ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ ला तर धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना पळवला. नानांची मुलगी हौसाताईही या लढ्यात होती.

याच काळात लोकांच्या तोंडी पत्री सरकार हे नाव बसलं. कुणी म्हणतं हा प्रतिचाच अपभ्रंश, कुणी म्हणतं फितुरांच्या पायाला पत्रे ठोकत म्हणून पत्री. प्रत्यक्षात शिक्षा असायची ती तळपायावर काठीचे फटके. आज ती वाचताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. वकील नाही, अपील नाही, चूक झाली तर दाद कुठे मागायची? तरीही लोक इंग्रजांची कोर्टं सोडून इकडे येत होते, कारण इथे निकाल लवकर लागायचा आणि खर्च नव्हता. आयर्लंडमध्येही १९२० च्या सुमारास हेच घडलं होतं. ब्रिटिश राज्य असतानाच तिथल्या क्रांतिकारकांनी स्वतःची न्यायालयं चालवली आणि लोक तिकडे वळले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे सरकार नाना एकटे चालवत नव्हते. किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, बापू लाड अशी माणसं आपापल्या भागात रोजचा कारभार बघत. नाना होते तो लोकांचा विश्वास.

भारतात अशी सरकारं आणखीही झाली. बलियाचं काही दिवस टिकलं. बंगालमधलं तामलुकचं सरकार डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झालं आणि गांधीजींनी भूमिगतांना बाहेर येण्याचं आवाहन केल्यावर १९४४ मध्ये विसर्जित झालं. गांधी विवाह लावणाऱ्या नानांसाठी हा पेच सोपा नसणार. पण साताऱ्याने शस्त्रं खाली ठेवली नाहीत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा नाना उघडपणे लोकांसमोर आले.

पुढे सत्तेत ते रमले नाहीत. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात गेले, नंतर कम्युनिस्ट झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उतरले. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये थेट बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले, दोन्ही वेळा विरोधी बाकांवर. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्यात झाले.