केटरिंग आणि मामाजींची जीप

अकोल्याच्या मामाजींची मिलिटरी लिलावातली जीप कधी झटक्यात सुरू होते, कधी नुसतं टक्! तिच्यामुळेच मी चार्ल्स केटरिंग (१८७६-१९५८) वाचला. ओहायोच्या शेतकऱ्याचा मुलगा. डोळे अधू, इंजिनिअरिंग मध्येच सुटलं, तरी १९०४ मध्ये पठ्ठ्याने डिग्री घेतलीच. (बॅकलॉगवाल्यांनो, ऐका!) आधी त्याने कॅश रजिस्टरला मोटर बसवली. जोर क्षणभरच लागतो, मग छोटी मोटरही पुरते. हेच त्याने गाडीत वापरलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हँडल मारायची गरज संपली.

पण त्या क्षणात करंट प्रचंड लागतो. म्हणून मामाजी सेल्फ मारत असताना मी बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक मीटर लावला. जीप सुरू झाली तेव्हा पाव व्होल्ट, टक् झालं तेव्हा तीन! अर्थची पट्टी गंजलेली. मामाजींनी दोन स्टार्टर उगाच बदलले होते.