ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

आपल्या जांब येथें इ. स. १६०८ मध्यें समर्थ रामदास जन्मले, तेव्हां फादर थॉमस स्टीफन्स गोमंतकांत होते. हे इंग्रज येशूसंघीय तेथें इ. स. १५७९ मध्यें आले. इ. स. १५८३ मध्यें कुंकळ्ळीस त्यांचे पांच संघबंधु मारले गेले. त्यांचे देह यांनींच परत मिळविले. पुढें राज्यकर्त्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांसही ठार केलें.

इ. स. १६१६ मध्यें त्यांचें ख्रिस्तपुराण छापलें गेलें. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा मराठी ओव्यांत आहे: आदामाचें पतन, जलप्रलय, पाप्यांचा न्याय, आणि शेवटीं तारकाची प्रतीक्षा. दुसऱ्यांत तारक येतो. मनुष्याचा न्याय सुडापाशीं थांबतो; ईश्वराचा तारणापर्यंत जातो. इ. स. १६१९ मध्यें फादर निवर्तले. शोकग्रस्त कुटुंबांनीं हें अवश्य स्मरावें.