विश्लेषण : फळं वाटण्यापासून परिचारिका घडवण्यापर्यंत... रमाबाई रानडेंचं ‘सेवासदन’ कसं उभं राहिलं?

सोसायटीतल्या चार महिला एकत्र येतात, कुणी वस्तीतल्या मुलांना शिकवतं, कुणी रुग्णालयात डबे पोहोचवतं. आज हे चित्र ओळखीचं आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात चांगल्या घरातल्या बाईने अनोळखी लोकांची सेवा करायला बाहेर पडणं हाच वादाचा विषय होता. ही वाट ज्यांनी मोकळी केली, त्यात रमाबाई रानडे यांचं नाव आवर्जून घ्यावं लागतं. ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांचं बालपण आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासोबतचा संसार घराघरात पोहोचला. मात्र पतीच्या निधनानंतरच्या २३ वर्षांत त्यांनी काय केलं, हे तुलनेनं कमी माहीत आहे. जाणून घेऊया.

रमाबाई शिकल्या कशा?

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे इथे कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचं नाव यमुना. १८७३ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचं निधन झालेलं होतं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहाखातर लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

लग्नाच्या वेळी रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास असा क्रम होता. खरा त्रास झाला तो घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून. टोमणे, अबोला, कामात अडवणूक असे प्रकार सुरू झाले. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या मिशनरी बाईंना शिवल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही, अशीही अट होती. उलट उत्तर न देता रमाबाई शिकत राहिल्या. बायकांना बाहेर पडू न देण्यात पुरुषांइतकाच घरातल्या बायकांचाही हात असतो, हा अनुभव त्यांना पुढे कामी आला.

पहिलं सार्वजनिक काम कोणतं?

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाई पुण्यातल्या मोठ्या कुटुंबातून काही काळ बाहेर पडल्या. लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख तेव्हा नाशिकलाच होते. त्यांच्या घरच्या स्त्रियांसोबत रमाबाईंनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातल्या बायकांना एकत्र बोलवायला सुरुवात केली. निमित्त जुनं होतं, त्यामुळे घरातून नकार येत नसे. जमलेल्या बायकांशी मुलींच्या शाळेबद्दल मात्र बोलता येत असे. नाशिकमध्येच त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं. ते रानड्यांनी लिहून दिलेलं होतं.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आर्य महिला समाजाच्या कामात रमाबाई सहभागी झाल्या. पुण्यात मुलींचं हायस्कूल हवं, या मागणीसाठीही त्या उभ्या राहिल्या. १८८४ मध्ये ही शाळा सुरू झाली. तीच आजची हुजूरपागा.

१९०१ नंतर काय बदललं?

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचं मुंबईत निधन झालं. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर लोकांपासून दूर राहिल्या. त्या काळी विधवेने उरलेलं आयुष्य देवधर्मात आणि घराच्या कोपऱ्यात काढावं, अशीच अपेक्षा असे.

रमाबाई मात्र तुरुंगात जाऊ लागल्या. येरवडा कारागृहातील महिला कैद्यांना त्या नियमित भेटत, त्यांच्याशी बोलत, त्यांची विचारपूस करत. सुधारगृहातील मुलांना सणावाराला गोडधोड घेऊन जात. रुग्णालयात फळं, फुलं आणि पुस्तकं पोहोचवत. गुजरात-काठियावाडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्या मदतकार्यासाठी तिकडेही गेल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीत जमणाऱ्या स्त्री यात्रेकरूंच्या मदतीसाठी पुढे त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन जाऊ लागल्या.

यात्रेला जाणं कुणालाही गैर वाटत नव्हतं. त्यामुळे यात्रेतल्या बायकांची सेवा करायला जाण्यावरही फारसा आक्षेप घेता येत नसे. हळदीकुंकवासारखाच हा मार्ग होता. समाजाला मान्य असलेल्या निमित्तातून बायकांना नव्या कामापर्यंत न्यायचं.

सेवासदनाची सुरुवात कशी झाली?

१९०८ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत स्त्रियांना सेवाकार्याचं प्रशिक्षण देणारी संस्था काढण्याचं ठरवलं. त्याचं नेतृत्व रमाबाईंनी करावं, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून मुंबईचं सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचं सेवासदन सुरू झालं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोलाची साथ मिळाली. वर्ग भरवले गेले ते रमाबाईंच्या स्वतःच्या घरात.

लिहिणं-वाचणं, शिवणकाम, हस्तकला, प्रथमोपचार असे विषय शिकवले जाऊ लागले. पुढे शिक्षिका तयार करणारे वर्ग आणि वसतिगृह सुरू झालं. शिकायला येणाऱ्यांमध्ये संसारी बायका होत्या, तशाच तरुण विधवाही होत्या.

प्रशिक्षणावर भर का दिला?

फळं आणि कपडे वाटून एखादा दिवस भागतो. पण नवरा गेल्यावर लहान मुलांसह सासरच्या किंवा भावाच्या आश्रयाला राहिलेल्या बाईचा प्रश्न त्याने सुटत नाही. तिच्या हातात कमाई नसते आणि मुलांचं पुढे काय करायचं, हे दुसरेच ठरवतात. अशा बाईला काम शिकवलं, तर तिच्यामागचं कुटुंबही सावरतं.

दुसरी गरज रुग्णालयांची होती. अनेक बायका पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला तयार नसत. प्रशिक्षित परिचारिका असतील तर बाळंतिणी आणि आजारी मुलं उपचारापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढणार होती. एकीकडे काम हवं असलेल्या स्त्रिया आणि दुसरीकडे त्या कामाची गरज, या दोन्हींची सांगड सेवासदनाने घातली. १९११ पासून पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या स्त्रियांना परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं.

विरोध कशाला होता?

परिचारिकेचं काम म्हणजे परक्या माणसांना स्पर्श करणं, रक्त आणि मळ साफ करणं, रात्रपाळी करणं. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना हे मानवणारं नव्हतं. त्यातही विधवेने हे काम करावं, ही कल्पना अनेकांना सहन होत नसे.

हा विरोध एका समारंभात उघडपणे समोर आला. संस्थेच्या एका वार्षिक स्नेहसंमेलनात एक तरुण विधवा बक्षीस घेण्यासाठी रंगमंचावर आली. प्रेक्षकांत बसलेल्या काही विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी या शिकलेल्या तरुणांना सर्वांसमोर सुनावलं. क्रूर रूढींना बळी पडलेल्या बहिणीची थट्टा करणाऱ्यांना सुशिक्षित कसं म्हणायचं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. एरवी मवाळ स्वभावाच्या रमाबाईंनी या प्रसंगी माघार घेतली नाही आणि परिचारिकांचं प्रशिक्षणही थांबवलं नाही.

या कामाच्या मर्यादा कोणत्या?

रमाबाईंचा मार्ग संघर्षापेक्षा समजुतीचा होता. त्या ज्या वर्तुळात वावरल्या, ते मुख्यतः उच्चवर्णीय, शिकलेलं वर्तुळ होतं. त्यांच्या कितीतरी आधी, १८४८ पासून, सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी याच पुण्यात याहून कडव्या विरोधाला तोंड देत शाळा चालवल्या होत्या. रमाबाईंच्या कामाचं मोल मोजताना हा संदर्भ विसरता येत नाही.

मात्र वय वाढत गेलं तशा रमाबाई अधिक ठाम होत गेल्या. १९२० मध्ये पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलांपुरतं ठेवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा मुलींचाही त्यात समावेश व्हावा यासाठी त्यांनी आवाज उठवला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या मागणीतही त्या आघाडीवर होत्या.

आज काय उरलं आहे?

१९२४ मध्ये रमाबाईंचं निधन झालं. तोपर्यंत पुणे सेवासदनात शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजारावर गेली होती. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आजही वाचलं जातं. जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. सेवासदन ही संस्थाही शिक्षणाच्या क्षेत्रात काम करते आहे.

परिसरातल्या गरजू मुलांसाठी, कुटुंबांसाठी काही करू पाहणाऱ्या महिला गटांसमोर आजही तोच प्रश्न असतो. वस्तू वाटायच्या, की समोरच्या बाईला पुन्हा मागावं लागू नये अशी सोय करायची? रमाबाईंनी पहिली गोष्ट कधी सोडली नाही, पण आपली बहुतेक ताकद दुसरीवर लावली.